भागीचा कोंबडा

आक्काला राग यायला कारण लागत नाही, असं तिचे तिन्ही भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. साफ खोटं. कारण लागतं, आणि तिघं मिळून ते तिला न चुकता पुरवतात. गल्लीत तिला मागून ‘करवत’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. बोथट म्हणवून घेण्यापेक्षा बरं, असं ती म्हणते.

त्या दिवशी सकाळी कारखान्यात जायच्या आधी ती नेहमीसारखी मागच्या अंगणात कण्या टाकायला गेली. कोंबड्या धावत आल्या, कोंबडा आला नाही. एरवी हा गडी सगळ्यांत पुढे. पण आधी स्वतः चोच मारणार नाही. कोंबड्यांना हाका घालणार, त्या खायला लागल्या की मान उंच करून चौफेर बघत उभा राहणार. घरातल्या तिन्ही पुरुषांपेक्षा याला रीत कळते, हे आक्का उघड बोलून दाखवायची. आज तो पाण्याच्या टाकीमागे भिंतीला टेकून बसला होता. पिसं फुगलेली, तुरा फिका. उचलला तर डावा पाय हाताला गरम लागला. या जातीच्या कोंबड्यांच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. ती पिसं बाजूला सारली आणि आक्काच्या तोंडून शिवी गेली. पंजा लिंबाएवढा सुजला होता, आणि पंजाच्या वर जिथे तीन दोरे असायला हवे होते तिथे दोरे दिसतच नव्हते. ते मांसात रुतून आत गेले होते.

या दोऱ्यांची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर शहाण्यासुरत्या माणसांनी एका मुक्या जिवाची काय दशा केली ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी भावांनी चुली वेगळ्या केल्या. पुढच्या दोन खोल्या थोरल्याला, वरचा मजला मधल्याला, बाजूची नवी खोली आणि जिन्याखालची जागा धाकट्याला. मागचं अंगण, नळ आणि खुराडं सामाईक. कोंबड्या मात्र वाटल्या. निवाडा करायला मामाला बोलावलं होतं. म्हातारा खुर्चीत बसून चहा पीत गेला आणि घर कापत गेला. कुठली कोंबडी कुणाची ते कळावं म्हणून पायांत दोरे बांधायचे ठरले. थोरल्याचा निळा, मधल्याचा पिवळा, धाकट्याचा पांढरा. आता कोंबडीला दोरा बांधाल, अंड्याला कसा बांधाल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्या कोंबड्या अंडी घालत एकाच खोक्यात. तेव्हापासून खोक्यात कोंबडी बसली की तिन्ही जावा काहीतरी काम काढून अंगणात हजर. एक कपडे वाळत घालतेय, एक झाडलेलंच झाडतेय, एक नुसतीच आभाळाकडे बघतेय. कोंबडी ओरडत उठली की पायातला रंग बघायचा आणि अंडं उचलायचं. आक्का म्हणायची, कोंबड्यांना लाज वाटत असेल, पण बिचाऱ्या सांगणार कुणाला.

राहिला कोंबडा. तो अंडी देत नाही म्हणून एकट्याला कुणालाच नको होता. पण कधीतरी त्याचा रस्सा होणार म्हणून सोडायचाही कुणाला नव्हता. मग मामानं डोकं लढवलं. कोंबडा भागीचा. त्याच्या पायात तिघांचेही दोरे. जो आपला दोरा काढील त्याचा हक्क गेला. जो दुसऱ्याचा काढील तो चोर, त्यानं ज्याचा दोरा काढला त्याला कोंबडी भरून द्यायची. थोरला शाळेत क्लार्क आहे. नियम ऐकला की त्याचा चेहरा खुलतो. तो म्हणाला, ‘वा मामा, याला म्हणतात डोकं.’

त्याच बैठकीत आक्काचाही निकाल लागला. आक्का तिघांहून मोठी. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती ऐन उमेदीत होती. तिनं पिशव्यांच्या कारखान्यात शिलाईचं मशीन धरलं आणि तिघांना मार्गी लावलं. तिचं लग्न राहून गेलं, असं भाऊ म्हणतात. बसमध्ये छत्री राहून जाते तसं ते राहिलं नव्हतं. ते कुणी केलं नाही. मामानं सांगितलं, मागची खोली आक्काला तिच्या हयातीपर्यंत, आणि जेवण आळीपाळीनं, महिना महिना एकेकाकडे, आधी धाकटा, मग मधला, मग थोरला. ज्याच्याकडे पाळी त्याच्या हातात तिचा पगार.

‘मी माझं शिजवून खाईन,’ आक्का म्हणाली होती.

‘तीन भाऊ असताना बहिणीची वेगळी चूल? लोक तोंडात शेण घालतील, पोरी,’ मामा म्हणाला.

आणि विषय संपला. आक्का त्या दिवशी एवढंच बोलली. गप्प बसलेली आक्का बघून भावांना हायसं वाटलं. खरं तर ती आतून धुमसत होती, आणि तशातच तिला दोरे बांधायला सांगितलं, कारण कोंबडा फक्त तिच्याच मांडीवर शांत राहायचा. दोराही तिनंच कारखान्यातून आणलेला, नायलॉनचा, लवकर तुटणार नाही असा आण म्हणून थोरल्यानं बजावलेला. पिशवीचा बंद शिवून झाला की मारतात ती गाठ तिनं मारली. ती गाठ सुटत नाही. कोंबड्या पूर्ण वाढलेल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. पण कोंबडा तेव्हा नुकता कुठे आरवायला शिकत होता. त्याचा पाय अजून जाड व्हायचा होता. हे तिला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. रागात होती, दुसरं काय.

तर त्या सकाळी कोंबड्याला काखेत मारून ती तडक थोरल्याकडे गेली. तो बुटांना पॉलिश करत होता.

‘दोरे तोडायला हवेत, आत्ताच्या आत्ता,’ ती म्हणाली. ‘नाहीतर पाय सडेल आणि पायामागून हा जाईल.’

थोरल्यानं ब्रश खाली न ठेवता पाय बघितला. ‘तोड ना. पण आधी पिवळा आणि पांढरा तोड. ते दोघं तोडत असतील तर माझी काही हरकत नाही.’

‘तिन्ही एकत्र रुतलेत रे. आत रंग दिसत नाहीत.’

‘मग कसं करणार? उद्या म्हणतील, दादानं आपला दोरा तोडला, म्हणजे हक्क सोडला. नियम म्हणजे नियम, आक्का.’

मधला रंगकाम करतो. तो जिन्यात बसून डब्यात रंग ढवळत होता. त्यानं सगळं हसण्यावारी नेलं. ‘अगं, लंगडा तर लंगडा. त्याला कुठे शर्यतीत पळायचंय? दादाला सांग आधी तोडायला. तो तोडणार नाही, पैज लाव.’ धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं काम. डोळ्याला भिंग लावून तो एका उघड्या फोनमध्ये घुसला होता. तो सगळ्यांत गोड. ‘तू म्हणशील तसं, आक्का. मी कधी तुझ्या शब्दाबाहेर आहे का? फक्त त्या दोघांना आधी विचार.’

थोरला निदान तोंडावर नाही म्हणतो. मधला निदान हसतो. या धाकट्याच्या गोडव्याची आक्काला सगळ्यांत जास्त चीड आली. याला तिनं चमच्यानं भरवलं होतं. कोंबड्याला टोपलीखाली झाकून, पाणी ठेवून ती कामावर गेली, कारण उशिराचं कार्ड पंच झालं तर तिथेही एक थोरला बसलेला असतो.

कारखान्यात दिवसभर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लांबलचक शेड, एका रांगेत मशीनं, प्रत्येकाच्या डोक्यावर दोऱ्याचं रीळ आणि पायाशी शाळेच्या दप्तरांचा ढीग. पट्टा जिथे दप्तराला जोडतात तिथे चार थर एकावर एक येतात. तिथे हात हलका ठेवावा लागतो. आक्कानं रागानं पॅडल दाबलं आणि सुई मोडली. थोड्या वेळानं आणखी एक. सुपरवायजर म्हणाला, ‘बाई, सुया झाडाला लागत नाहीत.’ आक्का म्हणाली, ‘माणसं लागतात का?’ तो काही न कळून पुढे गेला. तिच्या गळ्यात नाडीला बांधलेली दोरा कातरायची छोटी कात्री लोंबत होती. ती तिनं मुठीत घट्ट धरली. हा दोरा पाण्यात कुजत नाही, उन्हात झिजत नाही, म्हणून मालक त्याची तारीफ करतो. आज तिला त्या दोऱ्याची किळस आली. आणि आपल्या गाठीचीही.

संध्याकाळी घरी आली तर अंगणात तिघं भाऊ एकत्र उभे. वाटणीनंतर हे दृश्य दुर्मीळ. कारण कळलं तेव्हा आक्काला वाटलं, भांडत होते तेच बरं होतं.

‘मरायच्या आत कापून टाकू,’ मधला म्हणाला. ‘मेल्यावर फुकट जाईल. पाय तेवढा टाकून द्यायचा, बाकीच्याला काय धाड भरलीय?’

कापायला तिघंही तयार होते. पण वाटे करायला एकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून रविवारी मामाला बोलवायचं ठरलं. त्यातही आत्तापासूनच वाद पेटला होता. एक तंगडी वाया गेली, तर उरलेली कुणाची? तीन कर्ते पुरुष एका तंगडीवरून आवाज चढवून बोलत होते आणि ती तंगडी ज्याची, तो टोपलीतून एका डोळ्यानं बघत होता. आक्का मध्ये पडली नाही. तिनं कोंबडा टोपलीसकट उचलला आणि आपल्या खोलीत नेला.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच आली. येताना औषधाच्या दुकानातून मलम आणि पाण्यात मिसळून द्यायच्या गोळ्या आणल्या. खोलीत एक जुना इलेक्ट्रिक स्टोव्ह कपाटावर पडून होता. तो पुसून तिनं त्यावर पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि घमेलं अंगणात नळाशी मांडलं. लपून करायचं काम नव्हतं ते. दप्तराच्या अस्तराच्या कापडात तिनं कोंबड्याला गुंडाळलं, डोक्यावरून पदर ओढला. अंधार झाला की तो स्वस्थ होतो. पाय पाण्यात बुडवून ती बसून राहिली. खपली मऊ झाल्यावर पिसं ओली करून दोन्हीकडे सारली आणि बोटानं चाचपत दोरा शोधू लागली.

वरच्या गॅलरीत मधली उभी होती. मधल्याची बायको, नजर घारीची. ‘आक्का, आमचा पिवळा आहे हं त्यात,’ ती वरून म्हणाली.

‘काढला की देते तुझा तुला,’ आक्का वर न बघता म्हणाली. ‘दोरा तुमचा. पाय त्याचा आहे.’

कात्रीचं टोक आत सारताना पू आला, मागून रक्त आलं, आणि असा वास सुटला की वरून मधलीनं नाकाला पदर लावला. कोंबडा ओरडला नाही. ओरडला असता तर आक्काला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं अंग आवळलं आणि पुन्हा सोडून दिलं. एक दोरा कट्‌ झाला. दुसरा झाला. तिसरा हाडाला टेकला होता. तो काढताना तिचे डोळे वाहू लागले आणि ती मोठ्यानं शिव्या देऊ लागली. मामाला दिल्या, थोरल्याला दिल्या, मधल्याला, धाकट्याला, आणि शेवटी स्वतःला. स्वतःला दिलेली सगळ्यांत कडक होती. जखम धुऊन, मलम भरून तिनं अस्तराची पट्टी गुंडाळली. तिन्ही दोरे नळाच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवले. निळा, पिवळा, पांढरा आता तिन्ही एकाच रंगाचे दिसत होते.

संध्याकाळी न्यायालय भरलं. थोरल्यानं कट्ट्यावरचे दोरे बघितले आणि घसा साफ केला. ‘आक्का, तू तिघांचे दोरे तोडलेस. नियमानं तुला तीन कोंबड्या भराव्या लागतील.’

‘माझ्याकडे एक तरी कोंबडी ठेवलीत का वाटणीत?’

‘तोच तर मुद्दा आहे,’ थोरला म्हणाला. ‘ज्याचा हिस्सा नाही त्यानं हात लावायचाच कशाला?’

हे वाक्य आक्काला जिव्हारी लागलं. तिनं नुसतं दार लावून घेतलं. त्या महिन्यात पाळी मधल्याकडे होती. जेवायची वेळ टळून गेली तरी वरून ताट आलं नाही. ते विसरणं नव्हतं, तो दंड होता. कोंबड्यासाठी स्टोव्हवर कण्या मऊ शिजत ठेवल्या होत्या. आक्कानं त्यात आणखी दोन मुठी टाकल्या, मीठ घातलं, आणि दोघं त्याच जेवली. कोंबड्याला उकडलेलं अंडं कुस्करून घालायचं होतं. अंगणातल्या खोक्यात अंडी होती, पण ती रंगीत पायांची. म्हणून घरात इतक्या कोंबड्या असून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी विकत आणू लागली. दुकानदार हसला. आक्का हसली नाही.

दुसऱ्या दिवशीही ताट आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा आक्काचं पोट भरलेलं होतं.

रविवारी मामा आला. रश्श्याच्या आशेनं आला होता, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. खुर्चीत बसून त्यानं सगळी तक्रार ऐकली आणि डोळे मिटून म्हणाला, ‘पोरी, तू मोठी. तूच नियम मोडलास तर लहानांनी काय करायचं?’

‘मामा,’ आक्का उंबऱ्यातून म्हणाली, ‘लहानपणी आम्हाला तुम्हीच सांगायचात ना, भागीचं घोडं किवणानं मेलं. तिघांचं घोडं, म्हणून जखम कुणीच धुतली नाही. मग वाटणीच्या दिवशी ती म्हण कुठे ठेवून आला होतात? तुम्ही कोंबडा भागीचा केलात आणि हे तिघं त्याच्या पायात किडे पडायची वाट बघत बसले.’

म्हातारा बनेल. त्यानं कोंबड्याच्या पट्टीकडे बघितलं, नाक उडवलं आणि विचारलं, ‘याला औषध चालू आहे का?’

‘आहे. गोळ्या आहेत.’

‘मग कापून उपयोग नाही. औषधाचं मटण अंगाला बाधतं. मला तर मुळीच नको.’

अशा रीतीनं कोंबड्याचा जीव वाचला. दयेनं नव्हे, मामाच्या पोटाच्या काळजीनं. आक्काला याचाही रागच आला, पण तो तिनं त्या दिवसापुरता बाजूला ठेवला.

पुढे ती रोज सकाळी आणि कामावरून आल्यावर पट्टी सोडायची, मिठाच्या पाण्यात पाय बुडवायची, मलम लावायची. पहिले काही दिवस कोंबडा नुसता पडून असायचा आणि ती त्याच्यावर ओरडायची, ‘खा रे, मेल्या, तुझ्यासाठी मी चोर झालेय.’ मग तो चोच मारू लागला. एक बोट काळं पडून वाळून गळालं. उरलेल्या बोटांवर तो आधी टेकला, मग उभा राहिला, मग एका बाजूला झुकत खोलीभर फिरला आणि आक्काच्या चपलेवर घाण करून मोकळा झाला. स्टोव्ह काही पुन्हा कपाटावर गेला नाही. त्याच्या शेजारी एक पातेलं आलं, मग डबे आले, मग मिठाची बरणी. पगाराच्या दिवशी मधली सवयीनं हात पुढे करून उभी राहिली. आक्का तिच्या हाताकडे बघून खोलीत निघून गेली.

एके दिवशी पहाटे कोंबडा आरवला. महिनाभर मुका असलेला आवाज असा काही फुटला की वरचा मजला, पुढच्या खोल्या आणि जिन्याखालची जागा सगळी जागी झाली. त्याच दिवशी तो अंगणात उतरला. लंगडत, पण छाती काढून. कोंबड्या भोवती जमल्या. तुरा लालभडक, शेपटीत हिरवी झाक. कुणीही बघत राहावं असा.

आणि बघणारे आलेच. आक्का खोलीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. थोरला पुढे, मागे मधला, धाकटा जरा लांब. थोरल्याच्या हातात दोऱ्याच्या तीन गुंड्या. निळी, पिवळी, पांढरी.

‘आता बरा झालाय तर,’ थोरला म्हणाला, ‘पुन्हा रीतसर बांधून टाकू. या वेळी सुती आणलाय, मऊ. सैल बांध म्हणजे झालं. तुझ्याशिवाय तो कुणाच्या हाती लागत नाही.’

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. ती इतकी शांत दिसली की मधल्याचं हसू मावळलं. तिनं चप्पल काढली, साडी घोट्याच्या वर सारली आणि आपला पाय पायरीवर थोरल्यासमोर ठेवला.

‘आधी इथे बांध,’ ती म्हणाली.

‘काहीतरीच काय, आक्का.’

‘काहीतरी काय त्यात? मलाही तिघांनी महिन्या-महिन्यानं वाटूनच घेतलंय. कोंबड्याला दोरा, मग मला का नको? तिन्ही रंग बांध. घट्ट बांधलास तरी चालेल. माझा पाय आता वाढायचा नाही. वाढायच्या वयात जे काचायचं ते काचून झालंय.’

थोरला गुंड्या हातात धरून उभा राहिला. मधला भिंतीचा उडालेला रंग निरखू लागला. धाकट्यानं मान खाली घातली, आणि या वेळी त्याच्या तोंडून गोड काही निघालं नाही. आक्काचा पाय पायरीवर तसाच होता, टाचेला भेगा पडलेला, पॅडल दाबून दाबून अंगठ्याखाली घट्टा पडलेला. कुणीही वाकलं नाही.

तेवढ्यात पुढच्या खोल्यांतून थोरली झाकलेलं ताट घेऊन आली. महिना पालटला होता, पाळी आता तिची होती.

‘घेऊन जा ते आत,’ आक्का म्हणाली. ‘माझं शिजतंय.’

स्टोव्हवर पातेल्याचं झाकण वाजायला लागलं होतं. आक्का उठली, पायात चप्पल सरकवली आणि पाणी उतू जायच्या आत बटण कमी करायला खोलीत गेली.